फिरत्या चाकाची वीज आणि पाण्याचा मीटर

(आमच्या धारणीच्या रेडिओ गटाने सादर केलेलं भाषण. बोललो तसंच छापायला दिलं आहे, थोडं नीटनेटकं करून.)

कामं आटोपून, नाहीतर कामं करता करता, तुम्ही रेडिओ लावून बसला असाल. आज पाण्याच्या मीटरबद्दल बोलू. विषय रुक्ष वाटेल, पण याच मीटरपायी आमच्यातल्या एका गटाच्या गावात दोन मोहल्ल्यांचं बोलणं बंद झालं होतं. आधी ती गोष्ट सांगतो, मग मीटरच्या पोटात काय असतं ते.

गावात नळयोजना झाली. पाण्याची टाकी उंचावर, तिथून दोन लाइनी निघतात, एक वरच्या मोहल्ल्यात, एक खालच्या. प्रत्येक लाइनीवर एक मीटर. कोणत्या मोहल्ल्यात किती पाणी गेलं ते पाहायचं आणि त्या हिशेबाने पाणीपट्टी वाटून घ्यायची, असं ग्रामसभेत ठरलं. पाणीपट्टी गोळा करायचं काम बचत गटाकडे आलं. मीटर आकडे दाखवणारे होते, आत बॅटरीवर चालणारे. पहिलं वर्ष बरं गेलं.

दिवाळी झाली. आपल्या मेळघाटात दिवाळीनंतर काय होतं ते तुम्हाला ठाऊकच आहे. अर्धं गाव कामाला बाहेर जातं, ते होळीला परत येतं. खालच्या मोहल्ल्यात कुलपं जास्त लागली. आणि त्याच महिन्यात खालच्या लाइनीवरचा मीटर कोरा झाला. काचेवर एक आकडा दिसेना. मीटर बसवणाऱ्यांना विचारलं तर उत्तर आलं, बॅटरी संपली, ती सीलबंद आहे, बदलता येत नाही, पूर्ण मीटर बदला. तोवर काय करायचं? तर मागच्या महिन्यांच्या सरासरीने आकारा.

आम्ही तसंच आकारलं. ती आमची चूक. होळीला माणसं परत आली, हातात पट्टी पडली, आणि एक आजीबाई रजिस्टरसमोर उभ्या राहून म्हणाल्या, "माय, आमच्या घराले चार महिने कुलूप होतं. मंग हे पाणी पेलं कोनं?"

याला आमच्याकडे उत्तर नव्हतं. खालच्या मोहल्ल्याने पट्टी भरणं थांबवलं. मोटारीचं वीजबिल थकलं. काही दिवस दोन्ही मोहल्ल्यांचं पाणी बंद झालं, आणि डोक्यावर हंडे घेऊन बाया पुन्हा ओढ्याच्या वाटेला लागल्या. भांडण मीटरचं, पण चाल पडली बायांच्या पायाला.

तेव्हा आम्ही ठरवलं, हा मीटर आहे तरी काय ते समजून घ्यायचं. पाणी तर त्यातून वाहतच होतं. वाहत्या पाण्याने चक्की चालते, मोठी वीजघरं चालतात. मग आपल्या पोटातून पाणी वाहत असताना मीटर विजेअभावी उपाशी का मेला?

जातं, डायनॅमो आणि चुंबक

फिरण्यात जोर असतो, हे बाईला शिकवावं लागत नाही. जातं ओढलेला खांदा ते जाणतो. त्या फिरण्यातून पीठ निघतं तशी वीजही निघते. त्यासाठी दोन वस्तू लागतात, चुंबक आणि तांब्याच्या तारेचं वेटोळं. वेटोळ्याजवळ चुंबक नुसता ठेवला तर काही होत नाही. चुंबक हलला, फिरला, की तारेत वीज तयार होते. मायकेल फॅरेडे यांनी हे १८३१ साली दाखवलं. आजही कोयनेचं वीजघर असो की सातारच्या पठारावरच्या पवनचक्क्या, सगळ्यांच्या पोटात हेच तत्त्व आहे. कुठे पाणी फिरवतं, कुठे वारा, कुठे वाफ.

लहान रूपात ही गोष्ट आपण सगळ्यांनी पाहिली आहे. जुन्या सायकलीला डायनॅमो असायचा. त्याची लहानशी भिंगरी टायरला घासून फिरायची आणि समोरचा दिवा लागायचा. बॅटरी नाही, सेल नाही. पुण्याच्या कायनेटिक कंपनीची लूना १९७२ साली आली, तिचा दिवाही इंजिनासोबत फिरणाऱ्या चुंबकावर लागायचा. हँडल फिरवून चालणारा रेडिओही असतो. इंग्लंडच्या ट्रेव्हर बेलिस यांनी तो १९९०च्या दशकात पुढे आणला. आफ्रिकेत जिथे वीज नाही आणि सेल परवडत नाहीत, अशा घरांत आरोग्याची माहिती पोचावी म्हणून. म्हणजे आपल्यासारखंच काम.

पण डायनॅमोत एक खोट आहे. ज्यांनी घाट चढताना सायकल हाणली आहे त्यांना ती माहीत आहे. उतारावर दिवा लख्ख, चढावर दिवा मिणमिणता, आणि पाय थांबले की अंधार. चुंबक जितका हळू फिरेल तितकी वीज कमी.

हीच खोट पाण्याच्या मीटरला नडते. मीटरच्या आत एक लहानसा पंखा असतो. पाणी जाताना तो फिरतो, पंख्याच्या फेऱ्या मोजल्या की पाणी मोजलं जातं. पण गावच्या नळाचं पाणी काही पुरासारखं येत नाही. कधी जोरात, कधी धार, रात्री नुसती गळती. पंखा रेंगाळत फिरतो. तिथे डायनॅमो लावला तर सायकल ढकलत नेण्यासारखं होईल, दिवा लागणारच नाही.

मीटर मोजतो कसा

साध्या, बिनविजेच्या मीटरमध्ये पंख्यावर एक चुंबक असतो. पाण्याची बाजू आणि आकड्यांची बाजू यांच्यामध्ये बंद पडदा असतो. पाण्यातला चुंबक फिरला की पडद्यापलीकडचा दुसरा चुंबक त्याच्यामागे फिरतो. चुंबकाची ओढ पडद्यातून पलीकडे जाते, पाणी जात नाही, म्हणून काच कोरडी राहते. पुढे लहान लहान दातेरी चाकं आणि शेवटी आकड्यांची चाकं. याला वीज लागत नाही.

पण मोजलेला आकडा यंत्रात साठवायचा, दूर पाठवायचा, तर चुंबकाची फेरी ओळखणारं काहीतरी लागतं. त्याला सेन्सर म्हणतात. सेन्सर म्हणजे दारात बसून "एक गेला, दोन गेले" म्हणणारी बाई समजा. मीटरमध्ये बहुतेक तीन प्रकारच्या बाया सापडतात.

पहिली, रीड स्विच. काचेच्या बारीक नळीत निकेल-लोखंडाच्या दोन पात्या, मध्ये केसभर फट. चुंबक जवळ आला की पात्या चिकटतात, दूर गेला की सुटतात. चिकटल्या, सुटल्या, एक फेरी. सायकलच्या आऱ्याला चुंबक लावून वेग दाखवणारं जे यंत्र मिळतं, त्यात बहुतेक हेच असतं. पण पात्या चिकटल्या हे कळायला मागून थोडी वीज हवी, म्हणजे सेल हवा.

दुसरी, हॉल सेन्सर. एडविन हॉल या अमेरिकन शास्त्रज्ञाला १८७९ साली दिसलं, की वीज वाहत असलेल्या पातळ पत्र्याजवळ चुंबक आणला तर वीज एका बाजूला सरकते. त्यावरून चुंबक कोणत्या बाजूला आहे हे कळतं. यात हलणारं, झिजणारं काही नाही. पण ही बाई उपाशीपोटी बसत नाही. पाहायचं असेल त्या घडीला तिला वीज लागतेच.

दोघींची अडचण एकच. बॅटरी मेली की मोजणी मेली. आमच्या मीटरचं तेच झालं.

तिसरी बाई मात्र वेगळी आहे. ती स्वतःचा डबा स्वतः घेऊन येते.

तेरड्याच्या शेंगेसारखी तार

पावसाळ्यात आपल्या रानात तेरडा फुलतो. त्याची पिकलेली शेंग तुम्ही लहानपणी फोडली असेल. बोटाने हळू दाबा की पटकन दाबा, काही वेळ ती तशीच राहते, आणि एका क्षणी टच्चकन फुटून बिया उडवते. तुमचं बोट किती सावकाश आलं याच्याशी तिला घेणं नाही. जोर तिच्या आतच ताणून ठेवलेला असतो.

अशीच एक तार आहे. जॉन वीगँड नावाचे अमेरिकेत राहणारे गृहस्थ, मूळचे संगीताचे विद्यार्थी. १९७०च्या दशकात त्यांनी ही तार पुढे आणली, म्हणून तिला वीगँड तार म्हणतात. लोखंड, कोबाल्ट आणि व्हॅनेडियम या धातूंच्या मिश्रणाची. जाडी सुमारे पाव मिलिमीटर, लांबी बोटाच्या एका पेराएवढी किंवा त्याहून कमी. ती तयार करताना उलट-सुलट पीळ देतात. त्यामुळे तिची साल चुंबकाच्या बाबतीत हट्टी होते आणि गाभा मऊ राहतो.

आता या तारेजवळून फिरता चुंबक जाऊ द्या. उत्तर टोक येतं, मग दक्षिण टोक यायला लागतं. नुसता मऊ गाभा असता तर तो लगेच चुंबकाच्या मागे वळला असता. पण हट्टी साल त्याला धरून ठेवते. ओढ वाढत जाते, वाढत जाते, आणि एका ठरावीक मर्यादेला तारेचं चुंबकत्व एकदम पलटी खातं. तेरड्याची शेंग फुटली! तारेभोवती बारीक तांब्याचं वेटोळं गुंडाळलेलं असतं. चुंबकत्व झटक्यात बदललं, म्हणून वेटोळ्यात विजेचा एक झटका तयार होतो.

खरी गंमत पुढे आहे. हा झटका चुंबक जोरात फिरला तरी तेवढाच, आणि तासाभरात एक फेरी झाली तरी जवळजवळ तेवढाच. डायनॅमोची खोट इथे नाही. चुंबकाच्या एका फेरीत उत्तर टोक एकदा आणि दक्षिण टोक एकदा समोर येतं, म्हणून फेरीला दोन झटके मिळतात.

वीज मात्र किती? फार आशा धरू नका. एका वॅटचा दिवा एक सेकंद लावायचा म्हटलं तर असे सुमारे ५० लाख झटके लागतील. पण मोजणाऱ्या चिपची भूक त्याहून लहान असते. झटका आला की ती जागी होते, जुना आकडा वाचते, त्यात एक मिळवते, लिहून ठेवते आणि झोपते. लिहिण्यासाठी अशी स्मरणचिप वापरतात, जी वीज गेल्यावरही विसरत नाही. सगळं काम डोळ्याचं पातं लवायच्या कितीतरी आत होतं.

त्याच झटक्यातून हॉल सेन्सरलाही क्षणभर जागं करता येतं. तो सांगतो, चुंबक कोणत्या बाजूला होता. त्यावरून चाक सुलटं फिरलं की उलटं हे कळतं. म्हणजे चाक फिरतं, त्याच फिरण्यातून वीज निघते, आणि त्याच विजेवर चाकाची फेरी मोजली जाते. कारखान्यांतल्या यंत्रांत अशी मोजणी वापरतात, म्हणजे वीज गेलेली असताना कोणी हाताने चाक फिरवलं तरी हिशेब चुकत नाही. पाण्याच्या आणि गॅसच्या काही मीटरमध्येही ही तार असते.

याचं आपल्या ओळखीचं एक भावंड धारणीच्या कोणत्याही गॅरेजात सापडेल. मेकॅनिकला म्हणा, "पल्सर कॉइल दाखव." मोटारसायकलच्या फिरत्या चाकाजवळ हे लहान वेटोळं असतं. चाकावरचा उंचवटा जवळून गेला की त्यात विजेचा टिपका येतो, आणि ठिणगी कधी पाडायची हे गाडीला कळतं. बऱ्याच जुन्या गाड्या बॅटरी पूर्ण मेलेली असली तरी किक मारून सुरू होतात, त्याचं कारण हेच. किकने फिरलेलं चाकच ठिणगीची वीजही देतं आणि ठिणगीची वेळही सांगतं. किक हळू बसली तर मात्र गाडी सुरू होत नाही. ही पुन्हा डायनॅमोचीच खोट.

उलटं चाक आणि हवेचं बिल

चाक उलटं फिरतं का, हे कशाला पाहायचं, असं तुम्ही विचाराल. आपल्याकडे पाणी चोवीस तास नसतं. दिवसातून काही वेळ येतं, मग लाइन रिकामी होते. रिकाम्या लाइनीत हवा भरते. पुन्हा पाणी सोडलं की ते हवेला पुढे रेटतं. नळ उघडा असेल तर फुस्स फुस्स करत हवा बाहेर पडते, आणि जाता जाता मीटरचा पंखा गरागरा फिरवते. मीटरला पाणी आणि हवा यातला फरक कळत नाही. हवेचीही पट्टी लागते! पाणी बंद झाल्यावर उतारावरच्या लाइनीत पाणी मागे ओढलं गेलं तर पंखा उलटाही फिरतो.

उलट्या फेऱ्यांचा हिशेब चांगला मीटर ठेवतो. हवेवर मात्र पंख्याच्या फेऱ्या मोजणारा सेन्सर उपाय नाही. त्यासाठी लाइनीच्या उंच जागी एअर व्हॉल्व्ह लागतो आणि तो चालू असावा लागतो. पाणी सुटण्याच्या वेळी घरचा नळ बंद ठेवून, पाणी आल्यावरच उघडला तरी बराच फरक पडतो.

दुसरी मर्यादाही सांगून ठेवतो. गळती इतकी बारीक असेल की पंखाच जागचा हलत नाही, तर तार कितीही हुशार असो, मोजणार काय? आणि मीटरमध्ये गाळ, वाळू अडकली तर पंखा जाम होतो. मीटरच्या आधी जाळी असते, ती वेळोवेळी साफ करायची.

तुमच्या गटांनी विचारलेले प्रश्न

एका गटाने विचारलं, "बाहेरून चुंबक लावला तर मीटर थांबतो म्हणतात, खरं का?" बाहेरच्या जोरकस चुंबकाने काही मीटरची मोजणी बिघडते, हे खरं. म्हणूनच नव्या मीटरना आतून लोखंडी कवच असतं, आणि काही मीटर चुंबक लावल्याची नोंदही ठेवतात. विजेच्या मीटरशी असा खेळ केला तर तो २००३च्या वीज कायद्याच्या कलम १३५ खाली चोरीचा गुन्हा होतो. पाण्याच्या मीटरवर चुंबक लावणारा तर शेजारणीच्याच हंड्यातून पाणी काढतो, कारण लाइनीची पट्टी सगळ्यांत वाटली जाते.

दुसरीने विचारलं, "या तारेवर घरचा दिवा लागेल का?" नाही. ५० लाखांचा हिशेब आठवा. ती मोजायला आहे, उजेडाला नाही.

तिसरीचा प्रश्न आम्हाला सगळ्यात आवडला. "मीटर बरोबर आहे का, हे आम्हालेच पाह्यता येते का?" येतं. २० लिटरचा कॅन घ्या. लाइनीवरचे बाकी नळ बंद करायला सांगा. मीटरचा आकडा लिहा. दहा कॅन भरा, म्हणजे २०० लिटर झाले. पुन्हा आकडा लिहा. १००० लिटरचा एक घनमीटर, त्यालाच आपण युनिट म्हणतो. २०० लिटरला ०.२ युनिट वाढायला हवेत. थोडा फरक चालेल, पण निम्मा किंवा दुप्पट आकडा आला तर मीटर तपासायला सांगा.

गळतीही अशीच पकडता येते. रात्री सगळे नळ बंद झाल्यावर आकडा लिहा, पहाटे कोणी नळ उघडायच्या आधी पुन्हा लिहा. आकडा वाढला असेल तर पाणी कुठेतरी जमिनीत जातंय. दहा मिनिटांत एक लिटर ही गळती डोळ्याला क्षुल्लक दिसते. दिवसाचे १४४ लिटर होतात. जल जीवन मिशनमध्ये माणशी रोज ५५ लिटर धरले आहेत. म्हणजे दोघांपेक्षा जास्त माणसांचं पाणी मातीत गेलं.

मीटर घेताना काय विचारायचं

ग्राम पाणीपुरवठा व स्वच्छता समितीत निम्म्या तरी बायका असाव्यात, असं जल जीवन मिशनच्या सूचनांत आहे. नुसत्या सहीपुरत्या बसू नका. मीटरचा विषय निघाला की हे विचारा.

बॅटरी आहे का? असेल तर किती वर्षं चालेल, आणि ती बदलता येते की पूर्ण मीटर बदलावा लागेल?

बॅटरी संपली तर मोजणी थांबते, की नुसता आकडा दिसणं थांबतं? हा प्रश्न सगळ्यात मोठा. मोजणी चालू राहिली तर आकडा नंतर काढता येतो. मोजणीच थांबली तर ते महिने कायमचे गेले.

बिनविजेची आकड्यांची चाकंही आहेत का? असली तर यंत्र मेलं तरी डोळ्याने वाचता येतं.

उलटं फिरणं कळतं का? आणि मीटर बंद पडला तर दुरुस्तीला कोण येणार, किती दिवसांत? हे तोंडी नको, कागदावर घ्या.

आमच्या गावात पुढे काय झालं तेही सांगतो. वीगँड तारेचा मीटर आम्हाला मिळाला नाही. साधा, आकड्यांच्या चाकांचा मीटर बसला. पण आता दर महिन्याच्या पहिल्या तारखेला वरच्या मोहल्ल्याची एक आणि खालच्या मोहल्ल्याची एक, अशा दोघी मिळून दोन्ही मीटर वाचतात आणि रजिस्टरवर दोघींच्या सह्या होतात. कामाला बाहेर जाणारं घर जाताना गटाला सांगतं, रजिस्टरमध्ये कुलपाची तारीख पडते. मीटर पुन्हा कोरा झाला तरी बंद घरावर पाण्याचा बोजा पडू नये, एवढी तरी तजवीज झाली.

त्या चार महिन्यांची थकबाकी अजून पूर्ण मिटलेली नाही. आजीबाईंच्या घराची पट्टी ग्रामसभेत माफ झाली, बाकी बंद घरांचा विषय पुढच्या सभेत आहे. ते पाणी कोण प्यायलं, हे मात्र आता कोणालाच कधी कळणार नाही. चाक तर फिरलं होतं, पण मोजायला कोणी जागं नव्हतं.

तुमच्या गावच्या मीटरवर आज किती आकडा आहे, तो उद्या सकाळी पाहून लिहून ठेवा. महिन्याने पुन्हा पाहा. काही अडलं तर आम्हाला कळवा, रेडिओवरूनच उत्तर देऊ. येतो मग. राम राम!